एक खडा, एक दिवस

९ जानेवारी

चि.,

पुढे 'सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. हाताला जुनं वळण आहे. शाळेत मास्तरांनी पत्राचे मायने घोटून घेतले होते. लग्न झालेल्या मुलीला काय लिहायचं ते त्यात होतं, लग्न मोडून आलेल्या मुलीला काय लिहायचं ते नव्हतं. खाडाखोड दिसली तर रागावू नकोस.

परवा शेजारच्या शिवणवाल्या मावशींच्या फोनवर तू भिंगरीशी बोललीस. मी दाराआड उभा होतो. तू ठरवलं आहेस तसं मी मध्ये आलो नाही. फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "ती विचारत होती, पाठवलेल्या फोटोत पोर हसत का नाही? तोंड घट्ट मिटून का बसलीय?" मी म्हटलं, फोटो काढताना लाजते. मावशींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "काका, ही आणि लाजते? माझ्या गिऱ्हाइकांची मापं घेते ही. काल एका बाईला म्हणाली, तुमची कंबर टेपात मावत नाही."

म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. तू वाचतेस की नाही ते माहीत नाही. पाकिटं परत येत नाहीत, यावरून मी काय ते समजतो.

लेक तुझी ठीक आहे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करतो, ती मागच्या खुणेपेक्षा दोन बोटं वर गेली. चाळीसपर्यंत आकडे येतात, मध्ये तेवीस गाळते. तेवीसशी तिचं काय वाकडं आहे कळत नाही. भात मऊ लागतो, दुधात कालवून देतो. कडक काही मागत नाही. पुढचे दात जरा काळपट दिसतात. मध्यंतरी रक्तवाढीचं औषध दिलं होतं, त्याने होतं म्हणतात. दुधाचेच आहेत, आज ना उद्या पडायचेच.

झोपेचं तू मावशींना विचारलंस. झोप छान लागते. तू गेलीस तेव्हा पहिले दहा-बारा दिवस ती डोळ्याला डोळा लावू देत नव्हती. अंगावर घेऊन घरभर फिरायचो. मग एक युक्ती सुचली, ती मला देवानेच सुचवली असं मी धरून चाललो आहे. तिकडच्या कामाला तू दोन वर्षं म्हणाली होतीस. मी एक काचेची बरणी आणली, खडीसाखर आणली, आणि सातशे तीस खडे मोजून आत भरले. दोन वेळा मोजले. संध्याकाळी देवापुढे बसून झालं की तिला अंथरुणावर घेतो आणि एक खडा तिच्या गालात ठेवतो. सांगतो, डोळे मिट, हा विरघळला की एक दिवस संपला, आई एक दिवस जवळ आली. ती डोळे मिटते. गाल हळूहळू हलतो, मग थांबतो.

दीड वर्षात एक दिवस चुकला नाही. मी तापाने पडलो होतो तेव्हाही उठून दिला. बरणी आता गळ्यापासून बरीच खाली आली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोट लावून दाखवते, "इथपर्यंत आई होती. आता इथे आलीय."

तब्येतीला जप.

अण्णा


३० जानेवारी

चि.,

सध्या एका तीन मजली इमारतीचं काम चालू आहे. सेंट्रिंग माझ्याकडे. फळ्या ठोकून झाल्या, टेके लागले, येत्या सोमवारी स्लॅब ओतायचा आहे. ठेकेदार सारखा डोक्यावर बसलेला असतो, "मेस्त्री, ओळंबा बघितला का, मेस्त्री, टेका हलतोय का." टेका हलत नाही, हाच हलतो.

हे सांगायचं कारण, मला आठवडाभर सुट्टी मिळणार नाही. भिंगरीला दवाखान्यात दाखवून आणायचं आहे, ते स्लॅबनंतर. काळजीचं काही नाही. मागच्या आठवड्यात केळं खाताना तिच्या पुढच्या दाताचा तुकडा निघाला. केळ्याने दात तुटतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिने तुकडा तळहातावर घेतला आणि म्हणाली, "आबा, केळ्यात खडा होता." मी हसलो. ती हसली नाही. जिभेने जागा चाचपत राहिली.

बालवर्गाच्या बाईंनी चिठ्ठी दिली होती. ती डबा उघडून बसते पण खात नाही, गाण्याच्या वेळी तोंड उघडत नाही, असं लिहिलं होतं. मुलं 'म्हातारी' म्हणतात असंही होतं. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "म्हणू देत. मी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे. तुम्हाला सगळे दात आहेत." खरं आहे. मला एकोणपन्नास चालू आहे आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत.

आमच्या शाळेत मास्तर प्रार्थना झाली की एकेकाचे दात आणि नखं बघायचे. काळे दिसले की छडी. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या दात घासायचे हे हाडात भिनलं आहे. तिलाही मी रोज सकाळी घासून देतो, बोटाला पेस्ट लावून, मागच्या दाढांपर्यंत. एक दिवस खाडा नाही. माझ्याकडून हयगय झाली असं तुला वाटू नये म्हणून लिहिलं.

उजवा गाल जरा सुजला होता, आता उतरला आहे.

अण्णा


१८ फेब्रुवारी

पोरी,

या पाकिटात पत्राबरोबर एक छापील कागद आहे. तो आधी बघ, पत्र मागून वाच. जिथे फुली केली आहे तिथे तुझी सही हवी. फोनवर काढलेला फोटो चालत नाही म्हणतात, सहीचा मूळ कागदच लागतो. म्हणून साध्या टपालाने न पाठवता कुरिअरने पाठवतो आहे.

आता सांगतो. मागच्या दोन पत्रांत मी खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. गाल उतरला नव्हता. हिरडीवर पुळी आली होती, ती फुटली म्हणून सूज कमी झाली. स्लॅबच्या तिसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. मावशी आत आल्या, तिचं तोंड उघडून बॅटरीने पाहिलं आणि मला म्हणाल्या, "काका, आयुष्यभर दुसऱ्यांची छतं धरून ठेवलीत. घरातलं हे पडत होतं ते दिसलं नाही होय?"  सकाळी तिला उचलून इस्पितळात नेलं.

मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या दातांची वेगळी खोली आहे. भिंतीवर एक मगर काढली आहे, तिला खूप दात आहेत. भिंगरी तिच्याकडे बघत खुर्चीत चढली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. आरसा घेऊन त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हातमोजे काढता काढता मला विचारलं, "बाटलीने दूध पिते का?"

"नाही. केव्हाच सुटली."

"रात्री झोपताना गोड काही?"

मी नाही म्हणालो.

का म्हणालो ते मला सांगता येत नाही. रोज देवापुढे बसणारा माणूस मी, आणि पांढरा डगला घातलेल्या पोरीसमोर सरळ खोटं बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंगरीकडे वळल्या. "तू सांग. झोपताना आबा काय देतात?"

"खडा," ती मोठ्या ऐटीत म्हणाली. "आईचा."

मग मी सगळं सांगितलं. बरणीचं, सातशे तिसाचं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, दिवसा गोड खाल्लं आणि चूळ भरली तर एवढं होत नाही. झोपेत तोंडात लाळ कमी सुटते. तो खडा विरघळून रात्रभर दातांनाच चिकटून राहतो. सकाळी तुम्ही कितीही घासलं तरी रात्रीचं काम रात्री होऊन गेलेलं असतं."

मी म्हटलं, "पण दुधाचेच आहेत ना? पडणारच होते."

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, आणि या दाढा दहा-अकरापर्यंत राहायला हव्यात. खालून मोठा दात तयार होत असतो, त्याची जागा हे धरून ठेवतात. आधीच गेले तर बाजूचे सरकतात, जागा बुजते, मोठा दात वाकडा येतो नाहीतर अडकून बसतो."

मी म्हटलं, "टेके."

"काय?"

मी त्यांना सांगितलं. स्लॅब ओतला की खाली टेके असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे तात्पुरतं लाकूड, फेकायचंच आहे. पण स्लॅब पक्का होण्याआधी कुणी काढलं तर तो बसतो. एकवीस दिवस व्हायच्या आत टेक्याला हात लावणाऱ्या माणसाला मी कामावरून घालवलं आहे.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसू आलं नाही. तीस वर्षं जे काम मी दुसऱ्याला शिकवलं, तेच मला माझ्या घरात कळलं नाही.

सहा दात काढायचे आहेत. वरचे पुढचे चार, खालच्या दोन दाढा. दाढांच्या जागी तारेच्या कड्या बसवतील, जागा धरायला. एवढ्या लहान पोरीचे सहा दात जागेपणी काढता येत नाहीत, भूल द्यावी लागते, आणि भुलीसाठी सही लागते. मी म्हटलं, करतो. खिडकीतला कारकून म्हणाला, "आई किंवा वडील. आजोबा असा रकाना नाही." मी त्याच्यासमोर दाताच्या कण्या केल्या. दीड वर्ष मीच सांभाळतो आहे म्हणालो. तो म्हणाला, "ते दिसतंयच."

त्याने वाईट मनाने म्हटलं नसेल. पण म्हटलं.

मावशी फोनवर तुला सांगणार होत्या. मीच थांबवलं. तू माझा आवाज ऐकला की फोन ठेवतेस, ते ठीक आहे, पण हे दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये. त्या म्हणतात, तू तिथे ज्या घरात कामाला आहेस, तिथल्या दोन मुलांचे दात सकाळ-संध्याकाळ तूच घासून देतेस. म्हणजे हे सगळं तुला ठाऊक असणार. मी विचारायला हवं होतं. तू सांगितलं असतंस की नाही, ते मी बोलत नाही.

सही करून पाठव.

अण्णा


२३ फेब्रुवारी

पोरी,

आधीचं पाकीट तुला मिळालं नसेल, तोवर हे लिहितो आहे. आज मी काय केलं ते तुला कळायला हवं.

कारकून म्हणाला होता, आई नाहीतर वडील. तो माणूस याच गावात आहे. बॅटरीचं दुकान टाकलं आहे. चालत अर्धा तास. काल दुखण्याने भिंगरी गाल भिंतीला लावून बसली होती. भिंत गार लागते म्हणून. ते बघून सकाळी मी इस्पितळातून तसाच दुसरा कागद मागून आणला, घडी करून खिशात ठेवला आणि निघालो. एक सही. त्याने पेन उचललं की परवा दात निघाले असते.

दुकानासमोर रस्त्याच्या या बाजूला उभा राहिलो. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता, हसत होता. त्याचे दात चांगले आहेत.

मला तुझा दात आठवला.

पोर कडेवर घेऊन तू पहिल्यांदा घरी आलीस, तेव्हा बोलताना तोंडावर हात धरत होतीस. पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. मी विचारलं तर म्हणालीस, मोरीत पाय घसरला. मी म्हटलं, जपून चालावं. मग तुला म्हणालो, अशी निघून येऊ नकोस, एकदा बोलून बघ, लोक काय म्हणतील. आणि तिसऱ्या दिवशी तुला मीच सोडायला गेलो. याच रस्त्याने. पिशवी माझ्या हातात होती.

मोरीत घसरलेल्या माणसाचा दात असा तुटत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. बांधकामावर माणसं पडताना मी पाहिली आहेत. पडलेला माणूस हात पुढे टाकतो. तुझ्या हाताला, कोपराला खरचटलेलं नव्हतं. मला दिसलं होतं. मी ते न पाहिल्यासारखं केलं, कारण पाहिलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

पुढचे सात महिने तू तिथे काढलेस. ते सात महिने माझ्या नावावर आहेत.

मी रस्ता ओलांडला नाही. त्या दारात तुला एकदा नेऊन सोडलं, आता तुझ्या लेकीचा कागद घेऊन गेलो तर त्याच्या हातात पुन्हा एक टोक जाईल, आणि ते दिलं कुणी, तर मीच. परत आलो. भिंगरी भिंतीला गाल लावून तशीच बसली होती. मी बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. दुखणं तिचं आहे, ठरवणारा मी.

अण्णा


१४ मार्च

पोरी,

पाकीट आलेलं नाही. कुरिअरवाल्याकडे तीन वेळा जाऊन आलो. आता मला बघितलं की तोच लांबून मान हलवतो.

भिंगरीला औषधं चालू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून आठ-दहा दिवस निभेल, पुन्हा पू धरला तर मग सहीची वाट बघत बसता येणार नाही. रात्री झोपण्याआधीही मी आता तिचे दात घासतो. जे उरले आहेत ते. ती ओरडते, मी घासतो.

खडा बंद केला, इस्पितळात कळलं त्याच दिवसापासून. त्याचंच सांगायचं आहे.

पहिल्या संध्याकाळी देवापुढून उठलो आणि तिने गाल पुढे केला. मी म्हटलं, "खडा आता नाही. त्याने दात दुखतात." तिने गाल तसाच पुढे ठेवला. म्हणाली, "दुखू देत. द्या."

"नाही बाळा."

"मग आजचा दिवस संपणार कसा?"

दुसऱ्या दिवशी ती मावशींना सांगून आली, "आमची बरणी बंद पडली. आई मध्येच थांबलीय." मावशी मशीनवरून उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

असे दोन-तीन आठवडे गेल्यावर मला वाटलं, खडा तोंडातच विरघळायला पाहिजे असं कुठे आहे. मी वाटीत पाणी घेतलं, त्यात खडा टाकला, चमच्याने ढवळलं. दोघं बघत बसलो. विरघळला. पाणी कुंडीत ओतलं आणि म्हटलं, "झाला दिवस." तिला पटल्यासारखं वाटलं. चार-पाच दिवस असं चाललं. मी देवाचे आभार मानले, म्हटलं, निघाला मार्ग. मला मार्ग लवकर सापडतात, हाच माझा दोष आहे.

परवा मी कामावर होतो. ती मावशींकडे असते, पण मावशी गिऱ्हाइकात गुंतल्या आणि ही घरी आली. मी संध्याकाळी येतो तर काय, ही उंबऱ्यावर बसलेली. केस ओले करून विंचरलेले, भांग वाकडा, ठेवणीतला निळा फ्रॉक उलटा घातलेला. जवळ चपला नीट लावून ठेवलेल्या. मी म्हटलं, "कुठे निघाली स्वारी?"

"कुठे नाही. आई येतेय."

"कोण म्हणालं?"

"मी सगळे टाकले."

आत जाऊन पाहिलं. बरणी रिकामी. मोरीतल्या बादलीत पाणी, आणि तळाला एकही खडा नाही. काठीने ढवळलं होतं तिने, सगळे विरघळेपर्यंत. एकशे साठ-पासष्ट तरी असतील. काठी बादलीतच होती.

मी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसलो.  ती रस्त्याकडे बघत होती. कुणी बाई वळणावर दिसली की उठायची, मग बसायची. अंधार पडला तेव्हा म्हणाली, "गाडी चुकली असेल." आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "आबा, पाणी जास्त झालं असेल का?"

मी तिला उचलून आत नेलं. देवापुढे बसलो, पण हात जोडले गेले नाहीत. मांडीवर तसेच पडून राहिले. इतकी वर्षं मी त्याला विचारत आलो, आणि मनात जे आलं ते त्याचंच उत्तर म्हणून खपवत आलो. तुला परत पाठवलं तेव्हाही आधी देवापुढे बसलो होतो.

काल मावशींच्या तोंडून निघून गेलं की तू तिथलं काम आणखी वाढवून घेणार आहेस. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. जीभ चावली. म्हणजे बरणी भरलेली असती तरी ती खोटीच होती.

कागद पाठव. बाकी काही नको.

अण्णा


२९ मार्च

पोरी,

कागद आला.

पाकीट फोडून झाडून पाहिलं. शिवण उसवून आतून पाहिलं. एका कागदाशिवाय काही नव्हतं. चिठ्ठीची अपेक्षा मी केली नव्हती, पण बघितलं. फुली होती तिथे तुझी सही आहे आणि सहीत आपलं आडनाव आहे, माझं. ते माझ्यासाठी नसेल. तू कागदोपत्री सगळीकडे बदलून घेतलं असशील. तरी इस्पितळात देण्याआधी मी तो कागद एक संध्याकाळ घरी ठेवला.

मंगळवारी दात काढले. आत नेताना माझ्या कपड्यांवर हिरवा झगा चढवला आणि झोप लागेपर्यंत तिच्याजवळ थांबू दिलं. तोंडावर मुखवट्यासारखं काही ठेवतात. त्याआधी तिने मला विचारलं, "खडा?" मी म्हटलं, "आज नाही." तिने माझं बोट धरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहापर्यंत मोज." तिला चाळीसपर्यंत येतात हे त्यांना माहीत नव्हतं. ती सातवर थांबली, बोट सैल पडलं, आणि मला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर मावशी होत्या. मशीन बंद ठेवून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "देवाचं नाव घ्या, काका." मी म्हटलं, "घेतोय." घेत नव्हतो. घड्याळात किती वाजले ते बघत होतो.

सव्वा तासाने बोलावलं. एका छोट्या डबीत सहा दात दिले. हातात घेऊन पाहिले. पुढचे चार नावाला राहिले आहेत, तांदळाच्या कणीएवढे, काळे. दाढा मात्र वरून खड्डा पडलेल्या आणि बाजूने अजून पांढऱ्या शुभ्र आहेत. त्या पांढऱ्या बाजूकडे मला बघवेना. डबी मी तुला पाठवत नाही. हवी असेल तर मावशींना सांग.

तिने डोळे उघडले तेव्हा तोंडात कापसाचे बोळे होते. घाबरली नाही, रडली नाही. जिभेने आत चाचपून पाहिलं. बोळे काढल्यावर तिला पाणी दिलं, घोटभर प्याली. मग मला जवळ ये अशी खूण केली. बोलणं अजून बोबडं येत होतं, पण मला सगळं कळलं.

"आबा, मी झोपले होते?"

"हो."

"खडा नव्हता तरी?"

"नव्हता तरी."

तिने जिभेने मोकळी जागा पुन्हा चाचपली. मग म्हणाली, "तो दिवस धरायचा का?"

मी म्हटलं, "धरायचा."

"मग आता किती राहिले?"

नवीन दात कधी येणार ते मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. पुढचे दोन-अडीच वर्षांत, दाढांच्या जागचे पाच-सहा वर्षांनी, तोवर दर सहा महिन्यांनी कड्या दाखवायला आणायचं. मी ते या पत्राच्या पाठीमागे लिहून ठेवलं आहे. पण भिंगरीने दातांचं विचारलं नव्हतं.

मी तिला पाणी दिलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा पाणी दिलं. घरी आल्यावर तिने रिकामी बरणी उशाशी घेतली आहे आणि रोज झोपताना तेवढंच विचारते. मला आता आकडा बनवायचा नाही. सातशे तीस मी स्वतः मोजले होते, दोन वेळा, आणि तेही चुकले.

मला लिहू नकोस, चालेल. मावशींना खरा आकडा सांग, नाहीतर फोनवर तिलाच सांग, मी दाराआडही उभा राहणार नाही. मोठा असला तरी सांग. चाळीसच्या पुढचे आकडे मी तिला शिकवीन.

अण्णा